राणीचा भाग किती दाबायचा

दाजींनी डीव्हीडी आणली ती देवळातला प्रसाद आणावा तशी, दोन्ही हातांत धरून.

"गो संजना, ही संभाळून हाताळ. मूळ आसा. पुण्याक परत धाडूची आसा."

दाजी म्हणजे आमच्या कट्टा गावाजवळच्या दशावतारी कंपनीचे मालक. कंपनीतला राजाही तेच. मालक आणि राजा एकच असला की कंपनी टिकते, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या नटांचं काय म्हणणं आहे ते त्यांनी कधी विचारलेलं नाही. त्या साली मिठबावच्या जत्रेत त्यांचा खेळ झाला, तो पुण्याच्या एका अभ्यासू गृहस्थाने दोन कॅमेरे लावून टिपला होता. एक लांब, प्रेक्षकांच्या मागे, आणि एक अगदी रंगमंचाला खेटून. मग उन्हाळ्यात त्याची डीव्हीडी कंपनीकडे आली. सोबत चिठ्ठी: प्रती काढून घ्याव्यात आणि मूळ परत करावी.

प्रती काढायचं काम माझ्याकडे येणं साहजिक होतं. नितेशने, म्हणजे माझ्या मुलाने, पुण्यात नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना इकडे पाठवून दिला. "आई, पत्ते खेळ," म्हणाला. पत्त्यांचा मला पहिल्याच आठवड्यात कंटाळा आला. मग एकेक बटण दाबून बघू लागले. कशाने काय बिघडतं हे कळलं की उरलेल्या बटणांची भीती जाते. पुढे लोकांच्या लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या डीव्हीडी माझ्याकडे येऊ लागल्या. कोणी कोकमाच्या आगळाची बाटली ठेवून जाई, कोणी काजू. आमचे हे म्हणत, "तुझ्या दुकानाला पाटी तेवढी नाही."

पण दाजींची डीव्हीडी लग्नाच्या डीव्हीडीसारखी नव्हती. ती दोन थरांची होती. कट्ट्याच्या बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डीव्हीडी सगळ्या एका थराच्या. म्हणजे दोन कळशांचं पाणी एका कळशीत भरायचं. त्यासाठी नितेशने एक प्रोग्रॅम घालून दिला होता. तो चित्र दाबून लहान करतो. कसं, तर जिथे बघणाऱ्याचं लक्ष जात नाही तिथलं थोडं थोडं काढून घेतो: साडीवरची बारीक नक्षी, मागच्या झाडाची पानं, चेहऱ्यावरच्या रेषा. थोडं दाबलं तर काही कळत नाही. फार दाबलं तर सगळं मऊ दिसू लागतं, आणि माणूस हलला की चौकोन चौकोन उडतात.

पडद्यावर वर एक पट्टी असते. सामान मापात बसलं की ती हिरवी, मापाबाहेर गेलं की लाल. आणि खेळाचे जितके भाग, त्या प्रत्येकाला वेगवेगळा दाब देता येतो. पुण्याच्या गृहस्थाने खेळाचे चार भाग पाडले होते. सुरुवातीचा गणपती, मग राजाचा दरबार, मग राजाने वनात टाकलेल्या राणीचा विलाप, आणि शेवटी राक्षसाशी युद्ध. एकाला मोकळं सोडायचं तर दुसऱ्याला दाबायला हवं.

हे मी दाजींना समजावून सांगितलं. सांगायला नको होतं. 'आपोआप' नावाचं एक बटण होतं, ते दाबलं असतं तर सगळ्यांना सारखा दाब बसला असता आणि कोणी कोणाला काही विचारलं नसतं.

दाजी म्हणाले, "दरबार फिको दिसाक नको. बाकी तू बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी लवू आला. हा कंपनीतला राक्षस. जत्रांचे दिवस सोडले तर कट्टा ते मालवण रिक्षा चालवतो. त्याने ताज्या बांगड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"वैनी, ऐकलंय तू माणसा दाबतंस म्हणान."

"चित्र दाबते रे."

"ताच ता. माझ्या तलवारीक हात लावू नको. फिरवतंय तेव्हा एक लखलखाट जाता, तो दिसाक व्हयो."

"आणि मी दाबू कोणाला?"

"दाजीक दाब. तो तसोच फुगलेलो आसा."

राक्षसाने बांगडे दिले म्हणून मी युद्धाला हात लावला नाही, असं कोणी म्हणू नये. पण लावला नाही खरा. दरबार आणि युद्ध मोकळं सोडलं, गणपतीला किंचित दाबलं. देव काही बोलत नाहीत. पट्टी अजून लालच होती. राहिली राणी. राणीचाच भाग सगळ्यात लांब.

राणी म्हणजे बाबली. आमच्या ह्यांचा चुलतभाऊ, आमच्या वाडीतच घर. दशावतारात बायकांची कामं पुरुष करतात. त्यातही स्त्रीपार्टी चांगला असला की कंपनीला बोलावणी जास्त येतात. बाबलीभावजी लग्नाआधीपासून राणी होत आले होते. दिवसा भातशेती, काजू, गुरं. रात्री लुगडं नेसून चालू लागले की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसत आणि म्हणत, बघ, असं चालावं.

त्यांच्या बायकोने मात्र ते चालणं कधी पाहिलेलं नव्हतं.

तुळसा माझी जाऊ. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला ती हौसेने पुढे जाऊन बसली होती. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठरलेली, बोलणं जो तो उभ्या उभ्या आपल्या मनाने बोलतो. त्यामुळे एखाद्याचं बोलणं सुचायचं थांबलं तर मागून सांगणारं कोणी नसतं. राणी पुढे आली, समोर तुळसा दिसली आणि राणीला काही सुचेना. नुसती उभी. दाजींनी मध्येच पद घेऊन वेळ निभावली. सकाळी घरी आल्यावर भावजी तुळसाला म्हणाले, "तू येव नको गो. तू समोर असलंस की मी माकाच आठवतंय."

ती परत गेली नाही. प्रत्येक खेळाच्या दिवशी केसांच्या टोपावर माळायला अबोलीचा वळेसार, म्हणजे गजरा, मात्र गुंफून द्यायची. दुसऱ्या दिवशी शेजारणी येऊन सांगायच्या, तुझी राणी काल अशी रडली, तशी वळली. तुळसा काजूचे बोंडू पिळता पिळता ऐकून घ्यायची.

लवूनंतर तीच आली. हात पुसत खुर्चीच्या कडेवर बसली.

"ह्याच्यात सगळा दिसतला मां?"

"दिसणार की."

"माका राणी दिसाक व्हयी. बाकीचा दिसला काय, नाय दिसला काय." मग थोडी लाजली. "ती कशी उभी रवता ता बघूचा आसा. आणि लोका तिच्याकडे कशी बघतत."

मी म्हटलं, तुझी राणी मी स्वच्छ ठेवते. काय बिघडलं? दाजींचा दरबार दाबू. तो तसाही बसूनच असतो. ती गेल्यावर मी तसं करूनही बघितलं. दरबार दाबला, राणी मोकळी सोडली, पट्टी हिरवी झाली. तेवढ्यात वीज गेली. त्या उन्हाळ्यात वीज असण्यापेक्षा नसण्याचंच वेळापत्रक होतं, आणि प्रत काढायला मशीन तासन् तास घेई. म्हटलं, उद्या सकाळी लावू.

सकाळी बाबलीभावजी आले. उंच, सडपातळ माणूस. बोलणं हळू. कोयता दाराबाहेर ठेवून आत आले.

"वैनी, माझो भाग लाव. मी कधी माका बघलंय नाय."

खरंच होतं ते. रंगपटात हातभर आरसा असतो, त्यात अर्धा चेहरा मावतो. कपाळ रंगवायचं, मग गाल. सगळी राणी एकदम त्यांनी कधी बघितलीच नव्हती. मी राणीचा भाग लावला. मलाही उत्सुकता होती. मी जत्रेत बघितलं होतं ते चवथ्या-पाचव्या ओळीतून, ट्यूबलाइटच्या उजेडात. तिथून राणी म्हणजे राणीच.

खेटून ठेवलेल्या कॅमेऱ्याने दुसरंच टिपलं होतं. पावडरखालून दाढीची निळसर झाक. डोळ्यांच्या कडांना काजळ सुरकुत्यांत शिरलेलं. पदर सरकला की मानेच्या शिरा, आणि चोळीच्या बाहीखाली लोंबणारं दंडाचं कातडं. राणी विलाप करत होती, आवाज काळजाला हात घालणारा, आणि मी पडद्याकडे बघायचं टाळत होते.

भावजी मात्र टक लावून बघत होते.

"थांबव."

मी थांबवलं. राणी तोंड अर्धं उघडून थांबली.

"हो कोण?"

"राणी. तुम्हीच."

"राणी खंय आसा? हो मी." ते हसले. "मेलो म्हातारो झालो की."

मी म्हटलं, "कॅमेरा फार जवळ आहे हो. एवढ्या जवळून कोणीही असंच दिसेल."

त्यांनी विचारलं, "लवू सांगी होतो, तू दाबतंस म्हणान. दाबल्यार काय होता?"

मी राणीला थोडा दाब देऊन दाखवला. दाढीची झाक गेली. "आणखी दाब," म्हणाले. सुरकुत्या गेल्या. "आणखी." मानेच्या शिरा गेल्या. वळेसारातली फुलं जाऊन एक केशरी पट्टा उरला. मी सांगितलं, यापुढे चेहराच राहणार नाही, हलली की चौकोन उडतील. म्हणाले, "उडांदे." शेवटच्या टोकाला नेलं तेव्हा पडद्यावर एक गुळगुळीत, धुक्यातून आल्यासारखी बाई होती. डोळे कुठे आणि ओठ कुठे एवढंच कळत होतं.

भावजी मागे टेकले. "आता ती दिसता. मगाशी मी दिसत होतंय."

"भावजी, तुळसाने राणी स्वच्छ मागितली आहे."

"म्हणानच."

"ती काय परकी आहे?"

"परक्यांचा काय घेवन बसलंस. ते लांबसून बघतत, टाळी देतत, घराक जातत." ते बोटांची नखं निरखत राहिले. "तिका बायो येवन सांगतत, तुझी राणी अशी आणि तुझी राणी तशी. तिच्या डोक्यात एक राणी आसा, वैनी. इतकी वरसां ती थंय नांदता. ती आसा तशी रवांदे."

ते उठले, दाराशी गेले आणि थांबले.

"साफ प्रत एक पण काढू नको. तुझ्या मशिनीत पण ठेवू नको. जमात?"

चेहरा त्यांचा होता. तो किती दाखवायचा हे ठरवायचा हक्क तुळसाला आहे, की मला, की त्या पुण्याच्या गृहस्थाला, यावर मी भाकऱ्या थापताना बराच विचार केला. विचारातून काही निघालं नाही. मी म्हटलं होतं "जमेल," तेवढंच उरलं. दुपारी वीज आली तशी प्रती लावल्या. राणीला पूर्ण दाबल्यामुळे इतकी जागा झाली की गणपतीसुद्धा मोकळा झाला. दाजी संध्याकाळी आले, एक प्रत माझ्याकडे ठेवली आणि बाकीच्या प्रती आणि मूळ घेऊन गेले. शब्दाचे पक्के, सकाळी पार्सल पुण्याला रवाना. मशीनमधलं मी पुसून टाकलं. खात्री करून परत एकदा पुसलं.

दोन दिवसांनी तुळसा आली, चांगलं लुगडं नेसून. कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जावं तशी. भावजी तिला पोचवायला आले, पण आत आले नाहीत. बाहेर खळ्यात आमच्या ह्यांच्याशी यंदाच्या काजूबद्दल बोलत बसले.

मी लावलं. गणपती आला, तुळसाने हात जोडले. दरबारात दाजींच्या मुकुटातला एकेक खडा मोजता येईल असा. तुळसा म्हणाली, "दाजी जाड झाले." मग वन आलं. राणी आली.

तुळसा पुढे सरकली. आणखी पुढे सरकली. पदराने पडद्याची काच पुसली. राणी वळली तसे चौकोन उडाले, परत जुळले. आवाज लख्ख होता. एवढी रडणारी बाई, आणि तिच्या गालावर पाणी आहे की नाही ते समजत नव्हतं.

"प्रत काढताना थोडं जातं," मी म्हटलं.

"होय काय?"

मग युद्ध सुरू झालं. लवूने तलवार फिरवली आणि लखलखाट चमकून गेला. त्याच्या राक्षसी मिशीचा केसन् केस दिसत होता. तुळसाने ते बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राणीचाच कसा गेला?"

मी खेळ थांबवला आणि मशीनचं, थरांचं काहीबाही सांगू लागले. तिने मला बोलू दिलं. मी थकून थांबले तेव्हा म्हणाली, "ह्येनी सांगल्यानी तुका."

हो म्हणावं लागलं. का, तेही सांगितलं. डोक्यातल्या राणीचं सगळं. तुळसा ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नवरा एखादी साधी गोष्ट विसरून गेला की बायका बघतात तशी बघत होती.

"अगो, सकाळी घराक येतत तेव्हा अर्धी राणी तोंडार तशीच असता. खोबऱ्याचा तेल लावन ता तोंड कोण पुसता? मीच पुसतंय. भुरभुरत्या उजेडात, पडवीत. एकेक सुरकुती माझ्या बोटांक म्हायत आसा. लग्न झाला तेव्हा गालार काय नव्हता. मगे एक इली, मगे दुसरी. काजळ त्या सुरकुत्यांत जाता, ता काढूक फडक्याचा टोक लागता. माझ्या डोक्यात खंयची राणी येवन बसली? मी रोज खरीच बघतंय."

"मग तुला बघायचं काय होतं?"

"ताच काय ता बघूचा होता. तेंच्या तोंडार ही सगळी वरसां असतानाय लोका कशी फसतत. ती कशी फसवता." तिने राक्षसाच्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बोट केलं. "हेका बघून मी काय करू?"

मी म्हटलं, "मी पुण्याला फोन करते. परत मागवते मूळ. आठ-दहा दिवसांत येईल. तुला एकटीला दाखवीन."

खळ्यात भावजींचं हसणं ऐकू आलं. ते एरवी मोठ्याने हसत नाहीत, म्हणजे हे ऐकू यावं म्हणूनच असावं.

"नको. तेंका कळतला."

"कसं कळेल?"

"माझ्या तोंडार कळतला. मी काय नट आसंय?"

ती उठली, लुगड्याच्या निऱ्या झटकून नीट केल्या आणि बाहेर गेली. मी दारात उभी राहिले. भावजींनी वर बघितलं. हातातली काजूची बी या बोटातून त्या बोटात फिरत होती.

"बरी दिसली," तुळसा म्हणाली. "बायो सांगतत ता खोटा नाय."

"होय?"

"होय तर. चला, गुरां येतली."

दोघं पुढेमागे चालत गेली. भावजींची पाठ एवढी ताठ मी खूप दिवसांत बघितली नव्हती. आमचे हे म्हणाले, "बाबली खूश दिसतोय." मी आत जाऊन मशीन बंद केलं.

मला वाटलं होतं, प्रकरण इथे संपलं. पण माणूस एकदा स्वतःला बघून बसला की संपत नसतं. पावसाळाभर भावजी काही बोलले नाहीत आणि दिवाळी जवळ आली तसे दाजींकडे जाऊन म्हणाले, यंदा राणी नको. दाजींनी हातापाया पडून बघितलं, रागावून बघितलं. शेवटी त्यांना ऋषी केलं. राणीला जामसंड्याचा एक नवा पोरगेला नट आणला. लवू मला येऊन म्हणाला, "वैनी, त्या प्रतीत बाबल्याक जरा कमी दाबलंस असतास तर?" त्याला वाटत होतं, चौकोन बघून भावजींचं मन मोडलं. मी त्याला काही सांगितलं नाही. कमी दाबून तरी काय झालं असतं? जे बघायचं ते त्यांनी दाबण्याआधीच बघितलं होतं. आणि मीच ते लावून दिलं होतं, "लाव" म्हटल्याबरोबर.

पहिल्या जत्रेच्या आदल्या दिवशी भावजींनी तुळसाला सांगितलं, आता येवक हरकत नाय. इतक्या वर्षांनी ती खेळाला गेली आणि पुढे बसली. मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर भेटली तेव्हा मी विचारलं, "कसा झाला खेळ?"

"बरो झालो. ऋषी नीट बोललो. माका बघलान, तरी अडाकलो नाय." ती कळशी घासत होती. "दाढी मातर छातीमेरेन. तोंड काय दिसाकच नाय."

"आणि राणी?"

"नवी राणी ल्हान आसा. बरी आसा म्हणी होते लोक."

"तुला कशी वाटली?"

"तिच्याकडे मी बघलंय नाय." तिने कळशी पालथी घालून पाणी निथळू दिलं. "ती रडाक लागली तशी मी मागे वळान बसलंय. लोकांची तोंडां बघत रवलंय. म्हाताऱ्यो बायो, बापये, सगळी मान वर करून, पापणी हलवीत नाय. एकीची तर पोर मांडयेर निजलेली घसारली, तिका कळला नाय. तशीच बघत असतली मां गो, आमच्या राणीक?"

"तशीच," मी म्हटलं. "अगदी तशीच."

तिने कळशी भरून कमरेवर घेतली आणि घराकडे निघाली. घरी ऋषी झोपले असतील. त्यांचं तोंड पुसायला आता तेल लागत नाही. दाढी सोडवली की झालं.